खिडकीतला कप, माडीवरचं मशीन

माझ्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नवऱ्याचं नाव कोरलेलं आहे. भांडी मात्र सगळी मी घेतलेली. तो भंडाऱ्याकडून आला, इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लागला आणि मुलगी शाळेत जायच्या आधीच वारला. मग नेहरू नगरात कोचिंग क्लासच्या पोरांना जेवणाचे डबे देऊन मी घर उभं केलं. खाली मेसचं स्वयंपाकघर, वर राहायला माडी. पातेली, पराती घेताना आधी भाव पाडायचा आणि मग नाव फुकट कोरून घ्यायचं, हा माझा नियम. दुकानदार विचारायचा, कोणाचं नाव टाकू? मी त्याचं सांगायचे. तशीच रीत होती.

त्या घरात माझी मुलगी एकदा स्वतःचं ताट घेऊन आली.

ती बंगळुरूला नोकरी करते. बरीच वर्षं तिचं पोट दुखायचं, वजन उतरत होतं. शेवटी डॉक्टरने सांगितलं की गहू, मैदा, रवा, जव यातलं काहीही या मुलीला जन्मभर चालणार नाही, कणभरही नाही. तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला ते पथ्यासारखं वाटलं. ठीक आहे, भात खाईल. आली त्या दिवशी मी तिच्यासाठी वेगळी खिचडी टाकली होती. तिने बॅग उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेलं ताट, वाटी, गिलास आणि छोटंसं पातेलं काढून माडीवरच्या टेबलावर मांडलं. मग खिचडी कुठे केली म्हणून विचारलं. खाली, मी म्हणाले.

"खाली कणिक उडून राहते, आई. मले नाही चालणार."

माझं डोकं फिरलं. ज्या कणकेवर तिची शाळा झाली, कॉलेज झालं, ती कणिक आता तिला विष. मी खूप बोलले. तिने माडीवर स्वतःचा भात स्वतः शिजवून खाल्ला. चार दिवस ती माझ्या घरात पाहुण्यासारखी जेवली आणि जाताना ताट पुन्हा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली.

मी एवढी का चिडले ते तिला माहीत नव्हतं. डबे सुरू करायच्या आधी मी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या क्वार्टरांमध्ये पापड-शेवया विकायला जात असे. एक बाई माल नेहमी घ्यायची, भाव करायची, चहाही द्यायची. पण माझा कप तिच्या बाहेरच्या खिडकीत ठेवलेला असे, बिनकानाचा. पिऊन झाला की मीच तो विसळून तिथेच पालथा ठेवायचा. तिने माझी जात कधी विचारली नाही, पहिल्या दिवशी फक्त आडनाव विचारलं होतं. मी तिथे जाणं सोडलं, पण तो कप काही सुटला नाही.

मुलगी गेल्यावर घर फार मोठं झालं. खाली पोरं जेवून जात, वर मी एकटी. टीव्ही लावायचे आणि ऐकायचे नाही. एकदा फोनवर ती सहज म्हणाली की तिकडे मिळणारा बिनगव्हाचा ब्रेड थर्माकोलसारखा लागतो. लहानपणी ती चहात ब्रेड बुडवून खायची, बुडवलेला तुकडा कपात पडला की रडायची. तेव्हाच मी ठरवलं की ब्रेड मी करणार, माझ्या घरात. तिने बॅग उघडायची नाही. माझ्या ताटात, माझ्या हातचं खायचं. दुसरं मला काही नको होतं.

ब्रेडचं मशीन असतं हे मला मेसच्या एका पोरीने मोबाईलवर दाखवलं. आत पाणी, पीठ, यीस्ट टाकायचं, बटण दाबायचं, मळणं-फुगणं-भाजणं सगळं तेच करतं. पण बिनगव्हाच्या ब्रेडचं बटण वेगळं असावं लागतं, कारण त्या पिठाला फार मळून उपयोग नसतो आणि ते एकदाच फुगतं. तेवढं मी पाठ केलं. मोबाईलवरून मागवायचं नव्हतं. मोबाईलशी भाव करता येत नाही.

सिविक सेंटरच्या बाजारात दोन-तीन दुकानं फिरले. कोणाकडे नव्हतं, एकाने मला टोस्टर दाखवला. शेवटी घराजवळच्याच एका दुकानात एक मिळालं, काचेच्या कपाटावर मांडलेलं. ते बटण होतं. मी मोटर चालवून पाहिली, झाकण उघड-बंद केलं, गॅरंटी विचारली. मग भाव. तो उतरेना. मी उठले, चपला घातल्या, पायरीपर्यंत गेले. त्याने हाक मारली. हा डेमो पीस आहे, तो म्हणाला, म्हणून कमी करतो. आणि वर म्हणाला, "एकदम चालू है आंटी, इसी में ब्रेड बनाकर सबको दिखाते थे."

म्हणजे तपासलेला माल, असा मी अर्थ लावला. घरी येताना ऑटोत मशीन मांडीवर घेऊन बसले होते. असा सौदा बऱ्याच दिवसांत जमला नव्हता.

मशीन खाली ठेवलं नाही. मुलीची जुनी खोली रिकामी करून, भिंती पुसून, तिथे लावलं. चक्कीचं पीठ आणायचं नाही हेही मला कळलं होतं, कारण तिथे आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो. तांदळाचं, ज्वारीचं, साबुदाण्याचं पीठ मी बंद पाकिटात मागवलं. गव्हाचा चिकटपणा नसतो म्हणून त्यात इसबगोल घालावं लागतं. ते घ्यायला मेडिकलमध्ये गेले आणि मोठी डबी मागितली, तर त्याने हळू आवाजात विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे. मी त्याला सांगितलं की ब्रेडसाठी पाहिजे. त्याचा विश्वास बसला नाही.

पहिला ब्रेड विटेसारखा निघाला. दुसरा फुगला आणि मधोमध बसला, कारण मी झाकण उघडून पाहिलं होतं. गव्हाचा गोळा मी डोळे मिटून ओळखते, पण हा गोळा नसतोच. भज्यांच्या पिठासारखं सैल असतं ते. मला ते चुकल्यासारखं वाटायचं आणि मी आणखी पीठ घालायचे. उन्हाळ्यात तर यीस्ट इतकं उसळायचं की भाजायच्या आधीच सगळं खाली बसायचं. मग फ्रिजचं पाणी घालायला लागले. हळूहळू जमलं. पीठ मळलं जात असताना पॅनच्या कडा उलथण्याने एकदा खरवडून द्यायच्या, झाल्याबरोबर बाहेर काढायचा नाहीतर बाजू ओल्या होतात, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. ब्रेडच्या बुडात मळायचं पातं अडकून येतं, ते काढताना खड्डा पडतो. तो भाग मी खायचे. तसा सगळाच मी खायचे, दुसरं होतं कोण? मशीन झालं की शिटीसारखा आवाज करतं. त्या आवाजाला मी "आली मी, आली" म्हणत जिना चढायचे.

दिवाळीला मुलगी आली. मी तिला बॅग उघडूच दिली नाही. वरच्या खोलीत नेलं, ब्रेड समोर ठेवला, कापला. आतून जाळीदार निघाला होता. तिने तुकडा हातात घेतला, नाकाजवळ नेला, हसली. सहा महिने मी त्या हसण्याची वाट पाहिली होती. मग तिने मशीनकडे पाहिलं. पॅनला आत बारीक ओरखडे होते.

"आई, यात पहले काय बनवत होते?"

मी कौतुकाने सांगितलं, डेमो पीस आहे म्हणून तर सस्ता पडला. तिने तुकडा खाली ठेवला.

"मैद्याचा ब्रेड बनवला असेल ना त्यात?"

"घासून घासून धुतलं मी."

"घासून नाही जात ते. पात्याच्या खाली बसलेलं राहते."

मग मी जे बोलले ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. "सेक्टरातल्या बाईनं माह्यासाठी खिडकीत कप ठेवला होता, बिनकानाचा. आता तू माह्याच घरात माह्यापासून ताट वेगळं करून राहिली."

"कोणती बाई?"

मी सांगितलं. पापड, शेवया, आडनाव, सगळं. ती ब्रेडकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली,

"मी ताट बॅगेत आणते, कावून का या घरात मले चालेल असा एक बर्तन नाही, आई. तू ठेव ना एक. खिडकीत ठेव, कुठंही ठेव."

तिने त्या दिवशी केळी खाल्ली आणि स्वतःच्या पातेल्यात अंडी उकडली. मी माझा ब्रेड खाल्ला. दोघी एकाच टेबलावर होतो, तेवढंच.

ती गेल्यावर मी त्या दुकानदाराकडे गेले आणि दुकान डोक्यावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "आंटी, आपने मोटर पूछी, गॅरंटी पूछी. ये तो पूछा ही नहीं." खरं होतं म्हणून आणखी राग आला. मशीनला नवीन पॅन आणि नवीन पातं मागवायला लावलं, आतली जागा त्याच्यासमोर खोलून साफ करून घेतली. पॅन फुकट मागितलं, त्याने दिलं नाही. चपला घालून पायरीपर्यंत गेले, त्याने हाक मारली नाही. परत आत गेले आणि घेतलं.

मग भांड्यांच्या दुकानात. ताट, वाटी, गिलास, कानाचा कप, छोटं पातेलं, एक डबा. भाव केला, सवयच आहे. शेवटी कोरायचं मशीन हातात घेऊन त्याने विचारलं, कोणाचं नाव टाकू? माझं तोंड नवऱ्याचं नाव घ्यायला उघडलंच होतं. मी मुलीचं नाव सांगितलं. त्याने पुन्हा विचारून खात्री केली.

ती भांडी माडीवरच्या खिडकीत ठेवली. कपाट होतं, तरी खिडकीतच. मेसमध्ये पोळ्या लाटणारी बाई एकदा पाणी प्यायला वर आली आणि तिने तोच गिलास उचलला. तिच्या हाताला कणिक होती. मी एवढ्या जोरात ओरडले की ती दचकली. गिलास तिने जागेवर ठेवला.

"हम छू देंगे तो खराब हो जाएगा क्या, बाई?"

मग मी तिला माझे हात दाखवले, माझ्याही नखात कणिक होती. मीही असा हात लावत नाही, मी म्हणाले, आणि गव्हाचं सगळं समजावून सांगितलं. तिने गिलास न उचलता त्यावरचं नाव पाहिलं. "नोनी का है?" तिने विचारलं. इकडे लेकीला नोनी म्हणतात. मी माझ्या गिलासात तिला पाणी दिलं. पटलं की नाही कोण जाणे. पाणी पिऊन ती खाली गेली.

नंतर मुलगी आली ती एकाच दिवसासाठी, रायपूरला तिचं काम होतं. बॅग लहान होती. ब्रेड आदल्या दिवशीच केला होता. तिने पॅन उलटं करून पाहिलं, पाकिटं वाचली, मला चार प्रश्न विचारले. मी रागावले नाही असं नाही, पण उत्तरं दिली. मग तिने खिडकीतून ताट काढलं, नावावरून अंगठा फिरवला आणि ब्रेड चहात बुडवून खाल्ला. बुडवलेला तुकडा कपात पडला.

"जरा आंबट झाला आहे," ती म्हणाली. आणखी एक घेतला.

उरलेला तिने नवीन डब्यात भरून नेला. ऑटो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी वर आले. ताट, वाटी, गिलास तिच्या वेगळ्या घासणीने घासले आणि खिडकीत पालथे घातले. खालून पोरांच्या जेवणाचा आवाज येत होता. कपाच्या तळाशी भिजलेला चुरा राहिला होता. तो मी बोटाने काढून खाल्ला आणि मग कप धुतला.