रिकामी चौकट

आम्ही प्रोसेसरच्या चिप बनवतो. आमच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता आहे. प्रोसेसरला समजणारी एकेक आज्ञा एकेका चौकटीत. नवी आज्ञा घालायची ती रिकाम्या चौकटीत; भरलेल्या चौकटीला हात लावायचा नाही, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे जुने प्रोग्रॅम नव्या चिपवरही बिनबोभाट चालतात.

काल सायलीने, आमच्यातल्या सर्वांत नव्या इंजिनिअरने, एका रिकाम्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. "ही घेऊ या ना, सर? इथे कोणीच राहत नाही."

कोणीच राहत नाही, हे कोणी पाहिलंय? चिपच्या पुस्तिकेत अशा चौकटींपुढे छापलेलं असतं, 'राखीव, वापरू नये'. पण वापरू नये म्हटलं की माणूस एकदा तरी वापरून बघतोच. मग त्याला कळतं, की रिकाम्या चौकटीतली आज्ञा दिली तरी चिप काहीतरी करते, आणि ते नेमकं आपल्या कामाचं आहे. तो कोणाला सांगत नाही. प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालतो. म्हणून मोकळं दिसणारं कुठलंही घर मला मोकळं वाटतच नाही.

"तुम्ही फार संशयी आहात, सर," सायली हसली. "असं कोण करेल?"

कुठल्याशा सूतगिरणीत एक यंत्र अजून चालत असेल. त्यात उद्या आमची नवी चिप बसली, तर धागा का तुटतोय ते तिथे कोणालाच कळणार नाही. त्या यंत्राचा प्रोग्रॅम तरुणपणी मी लिहिला होता. चौकट हीच होती.

मी रबर घेतला, खूण पुसली आणि म्हणालो, "दुसरी बघ."