निळ्या उजेडातली लेक

बाळंतपणाला मी पाटोद्याला माहेरी आले होते. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी बंद, दाराला जाड चादर आणि वर एक मिणमिणता पिवळा बल्ब. वारं लागू नये, नजर लागू नये. त्यात आई रोज लेकीला तेल-हळद चोळून न्हाऊ घालायची. तिचा हात इतका सढळ, की लेक, दुपटी, माझी उशी, सगळंच पिवळं झालं होतं.

पाचवी पुजली आणि लेक सुस्तावली. छातीशी धरली की घोटभर दूध घ्यायची आणि झोपून जायची. तळव्यावर टिचक्या मारल्या तरी जागी होईना. मी म्हटलं, "आई, ही पिवळी दिसतीय."

"हळद हाय ती. आन् या बल्बाखाली तू बी पिवळीच दिसतीस. कशापायी जिवाला घोर लावून घेतीस?"

आईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण दुपारी लेकीनं डोळे किलकिले केले, तर आतला पांढरा भागही मला पिवळा वाटला. तिला उचललं आणि उंबरा ओलांडून सरळ अंगणात, उजेडात आले. सव्वा महिना व्हायच्या आत! आई ओरडत मागं आली. मी तिच्यावरच खेकसले, "डोळ्यात बी हळद घातली व्हय गं तू?"

आईनं वाकून पाहिलं. मग तिनं चपला पायात सरकवल्या.

बीडच्या दवाखान्यात रक्त तपासलं. कावीळ. पुष्कळ नवजात बाळांना ती होते, बहुतेकांची आपोआप उतरतेही. पण हिची फार वाढली होती आणि अजून चढली तर मेंदूला धोका होता. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी लेकीला छातीशी आवळून धरलं.

त्यांनी लेकीचे कपडे काढले, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. मी औषधाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "हा उजेड हेच औषध." रक्तातला तो पिवळा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, म्हणून अंगात साचतो. निळा उजेड कातडीतून आत शिरला की त्या पदार्थाचा आकार बदलतो, आणि मग तो शी-शूवाटे निघून जातो.

आई म्हणाली, "लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तसंच व्हय?"

"थोडंफार तसंच. पण म्हणून बाळाला घरी उन्हात ठेवू नका, भाजेल ते."

त्या दिव्यांखाली लेक निळीच दिसायची, त्यामुळं कावीळ उतरतीय का ते बघून कळायचं नाही. पाजायला हातात दिली की ती पुन्हा झोपायची. आई बाकावर बसून होती. तिची बोटं अजून हळदीनं पिवळी होती आणि ती पदराखाली झाकून घेत होती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला तिची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं लेक पुन्हा माझ्याकडे दिली. तिनं तोंड लावलं आणि असं काही ओढलं, की मी "आई गं!" म्हणून किंचाळलेच.

आई धडपडत आली. "काय झालं? काय झालं माझ्या लेकराला?"

"ओढतीय गं, लई जोरात. दुखतंय मला."

आई मटकन खाली बसली आणि हुंदके देत म्हणाली, "वरड माय, लई वरड."