आत्त्या म्हण

आत्त्या मोठ्या माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायची. माझे वडील, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, वर्षानं भेटायला आले तरी "आलास? बस. च्या टाकते," एवढ्यावर तिचं भागायचं. पण कडेवर दीड वर्षाचं पोर आलं की तीच बाई दिवसभर थांबायची नाही. "आता आपुन काय करायचं? कुकर लावायचा. ह्यो बघ कुकर. ह्यात डाळ घातली. आता त्यो शिट्टी मारणार. भ्यायचं न्हाय बरं का, त्यो उगंच वरडतोय." पोराला त्यातलं काय कळायचं देव जाणे, पण ते तिच्या ओठांकडं टक लावून बघत बसायचं.

मी कॉलेजसाठी बेळगावला आले आणि तिच्याकडं राहिले. आमचं गाव कणकुंबीच्या वाटेवर, तिथून रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. आत्त्याचं घर म्हणजे खडेबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. तिचा नवरा लोंढ्याला रेल्वेत होता. मूल होईना म्हणून त्यानं दुसरी केली आणि सवतीच्या बाळंतपणाला आत्त्यालाच थांबवून घेतलं. ती थांबली. बाळाला पहिली अंघोळ तिनंच घातली, आणि मग ट्रंक उचलून बेळगावला आली. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, वडिलांकडून कळलं. तेव्हापासून ती नोकरीवाल्यांची पोरं सांभाळत होती.

पोरांवर माया होती, पण तोंड गोड नव्हतं. "मुडद्या", "माकडा", "जळ्ळं तुझं त्वांड" ही तिची लाडाची भाषा. एका बँकेतल्या बाईंच्या मुलीनं पाहुण्यांसमोर आजोबांना "मुद्द्या" अशी हाक मारली. दुसऱ्या दिवशी त्या बाई भांडायला आल्या. आत्त्या म्हणाली, "मग? बोलली न्हवं? गेल्या महिन्यात पोरगी मुकी हाय म्हणून रडत होतासा." बाई मुलीला ठेवून ऑफिसला गेल्या.

जे पोर बोलायला उशीर करी त्याला ती वेखंड उगाळून चाटवायची. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोराला वाचा फुटते असं तिचं मत होतं, आणि तसल्या पेरूसाठी ती ओळखीच्या परड्यांतून हिंडून यायची. मी हसले की म्हणायची, "हस. तुलाबी दिलता." उपयोग वेखंडाचा व्हायचा, पेरूचा की तिच्या बडबडीचा, कुणास ठाऊक. कधीकधी कशाचाच व्हायचा नाही आणि ते पोर तिच्याकडून मुकंच जायचं. त्या दिवशी ती जेवायची नाही.

मराठी घरातली पोरं यायची तशी कन्नड घरातलीही. पेला हातात घेऊन ती एकाला "दूध" म्हणायची आणि दुसऱ्याला "हालु". एका पठ्ठ्यानं दोन्ही जोडून "दूहा" केलं आणि जाईपर्यंत तेच मागत राहिला. दुसरा एक गाईला हम्मा म्हणायचा, कुत्र्यालाही हम्मा, आणि एके दिवशी आमच्या खाटेलाही हम्मा म्हणाला. मी सुधारायला गेले तर आत्त्यानं मला गप्प केलं. "चार पाय हायत की तिला. शाणं हाय माझं माकड."

ओजस आला तेव्हा धड बसायलाही लागला नव्हता. त्याचे आईवडील दोघंही नोकरीला. आई, स्मिता, सकाळी घाईघाईनं त्याला ठेवून जायची आणि जाताना गालाला गाल लावून "से मम्मा, मम्मा" असं म्हणवून घ्यायचा प्रयत्न करायची. म्हणजे त्याच्या घरात 'आई' हा शब्दच नव्हता. तो होता आत्त्याच्या घरात. संध्याकाळी फाटक वाजलं की आत्त्या प्रत्येक पोराला दाराकडं वळवून म्हणायची, "आई आली! आई आली बघ!" ते म्हणताना कडेवरच्या पोराला ती छातीशी घट्ट धरायची. ओजसनं त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. असं घट्ट धरते ती आई.

एका संध्याकाळी स्मिता दारात हात पसरून उभी होती. ओजसनं तिच्याकडं बघितलं, मग आत्त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि म्हणाला, "आई."

त्याच्या तोंडून आलेला तो पहिला स्पष्ट शब्द.

स्मिताचा चेहरा पांढरा पडला. "हे तुम्ही शिकवलंत."

"न्हाय वो बाई. त्येचं त्येच म्हणालं."

"स्वतःला झालं नाही म्हणून दुसऱ्याचं पोर ओढून घ्यायचं?" ती मोठ्यानं म्हणाली. समोरच्या घरातल्या दोघी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आत्त्यानं ओजसची बोटं पदरातून एकेक करून सोडवली आणि त्याला तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ओजस आला नाही. गल्लीत बोलणं सुरू झालं, की ही बाई पोरांना काहीतरी खायला घालते, त्यांची आयांवरची माया तुटते. पेरूची आणि वेखंडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊकच होती, ती आता वेगळ्या सुरात सांगितली जाऊ लागली. दोन पोरं गेली.

मग एके दिवशी सकाळी स्मिता ओजसला घेऊन परत दारात. नव्या ठिकाणी तो खाईना, रडून रडून त्याला ताप आला होता. पोर निम्मं झालं होतं. आत्त्याला बघितल्याबरोबर तो तिच्याकडं झेपावला. स्मितानं त्याला मागं ओढून धरलं.

"त्यानं तुम्हाला आई म्हणायचं नाही. ते बंद होणार असेल तरच ठेवते."

"हुईल बंद," आत्त्या म्हणाली.

त्या दिवशी मला कॉलेज नव्हतं. आत्त्यानं ओजसला जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याकडं पाठ करून तांदूळ निवडायला बसली. तो रांगत गेला, तिच्या पाठीला धरून उभा राहिला. "आई." ती वळली नाही. "आत्त्या म्हण," ती ताटाकडं बघत म्हणाली. तो हसला. त्याला तो खेळ वाटला. "आई!" "आत्त्या म्हण." तो फिरून तिच्या पुढ्यात आला, तशी ती बसल्या जागी वळली आणि पुन्हा पाठ केली. तो पुन्हा फिरून आला. तिनं पुन्हा पाठ केली.

थोड्या वेळानं त्याचं हसणं थांबलं. तो तिचं लुगडं ओढायला लागला, मग पाठीवर डोकं आपटायला लागला, आणि मग जमिनीवर पडून त्याच एका शब्दाचा आक्रोश सुरू झाला. आत्त्यानं निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यात मिसळले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले.

"घे की गं त्याला," मी म्हणाले. "केवढासा हाय त्यो!"

"तू गप बस."

मी उचलायला गेले तर तो माझ्या हातात धनुष्यासारखा ताठ झाला. त्याला मी नको होते. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला. नुसतेच ओठ हलायला लागले, आणि हलत होते ते त्याच शब्दासाठी. आत्त्या भिंतीकडं तोंड करून एकसारखं म्हणत होती, "आत्त्या म्हण. आत्त्या म्हण रं माकडा. एकदा म्हण."

उन्हं कलल्यावर केव्हातरी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आत्ता."

आत्त्या अशी वळली, की तांदळाचं ताट उपडं झालं. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं, त्याला खाऊ घातलं, आणि त्यानं 'आत्ता' म्हटलं की दर वेळी त्याचा मुका घेतला. संध्याकाळी स्मिता आली तेव्हा तो शहाण्यासारखं म्हणत होता, "आत्ता." स्मिताला बरं वाटलं. थँक्यू म्हणाली.

ती गेल्यावर मी आत्त्याला म्हणाले, "तू लई वाईट वागलीस आज."

"व्हय," ती तांदूळ वेचता वेचता म्हणाली. "न्हाय वागले तर ती पोराला परत तिकडं टाकणार. तिकडं ते मरंल. मी आई न्हाय ह्ये त्येला आजच कळलं. हुईल की सवय."

ओजसनं तो शब्द पुन्हा तिच्यासाठी वापरला नाही. तो तीन वर्षांचा होईपर्यंत आमच्याकडं यायचा आणि अखंड बोलायचा. मग त्याच्या आईवडलांना बेंगळुरात नोकऱ्या मिळाल्या. जाताना तो गाडीच्या काचेतून आनंदानं ओरडला, "आत्त्या, टाटा!" जोडाक्षरासकट, अगदी स्वच्छ.

मला निपाणीत शाळेत नोकरी लागली आणि मी तिकडं बिऱ्हाड केलं. काही वर्षांनी स्मिताचा आत्त्याला फोन आला. तिला ओजसच्या पाठीवर मुलगी झाली होती. "तुमच्यासारखी मर्यादा ओळखणारी बाई इथं मिळत नाही," ती म्हणाली. आत्त्याच्या गल्लीतली पोरं तोवर प्ले-स्कूलला जायला लागली होती, तिच्याकडं कुणी येत नव्हतं. ती बेंगळुराला गेली. दार ओजसनं उघडलं. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि आत वळून सांगितलं, "मम्मा, मेड इज हिअर." हे आत्त्यानं मला फोनवर सांगितलं ते हसत. "मेड म्हंजे काय गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "सांभाळणारी."

तिथं एक नियम होता. मुलीशी मराठी बोलायचं नाही. "आम्ही तिला इंग्लिश आणि थोडं हिंदी देतोय," स्मितानं समजावलं. "भाषांची खिचडी झाली की मूल गोंधळतं. आणि तुमचं बोलणं ती लगेच उचलेल. तुम्ही फक्त खाणं-पिणं आणि कपडे बघा." हॉलमध्ये आणि मुलीच्या खोलीत, छताच्या कोपऱ्यात, कॅमेरे होते. पहिल्याच आठवड्यात आत्त्या मुलीला काहीतरी सांगत होती तर ऑफिसातून फोन आला. तेव्हापासून मुलीशी बोलायचं काम टॅबवरची गाणी करायची.

आत्त्या मला फोन करायची ती बाल्कनीत कपडे वाळत घालताना. "पोरगी माझ्या त्वांडाकडं बघत बसती गं," ती एकदा म्हणाली. "मी त्वांड मिटून घेती. मग ती माझ्या ओठांत बोट घालून ते उघडाय बघती."

मुलगी दोन वर्षांची व्हायला आली तरी एक शब्द बोलेना. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर हिच्याशी कोण बोलतं? स्मिता म्हणाली, "ही बाई असते ना. पण ही काही बोलतच नाही, नुसती बसून असते." मुलगी तेव्हा आत्त्याच्याच मांडीवर होती. घरी आल्यावर आत्त्याला सांगण्यात आलं, की महिनाअखेर मोकळ्या व्हा.

बेळगाव स्टेशनवर तिला उतरवून घ्यायला मी गेले. निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर ती आपण होऊन बोलली. तिथल्या शेवटच्या दिवसांत ती मुलीला अंघोळीला न्यायची, दार लावून नळ सोडायची, आणि नळाच्या आवाजात तिच्या कानाशी बोलायची. पाणी आलं. पाणी कसं गार हाय. पाणी डोक्यावर. पाणी पायावर. आणि निघायच्या दोन दिवस आधी मुलगी जेवताना पेल्याकडं बोट करून म्हणाली, "पानी."

"घरात नुसता दंगा," आत्त्या म्हणाली. "हिंदीत बोलली, हिंदीत बोलली म्हणून. टॅबचा गुण आला म्हणाले. सगळ्यांस्नी फोन लावले."

"अगं, मग सांगायचं न्हाय व्हय तू शिकवलंस म्हणून?"

"सांगितलं असतं तर तेवढंबी तोडलं असतं त्यांनी."

त्यानंतर ती माझ्याकडं वर्षभर होती. शेजारच्या बाईला रांगतं पोर होतं. आत्त्याला विरंगुळा म्हणून ती दुपारी ते तिच्या मांडीवर आणून ठेवायची. आत्त्या त्याला थोपटायची, त्याचे पाय चोळायची. ते तिच्या तोंडाकडं बघायला लागलं की तिचे ओठ उघडायचे, आणि मग तिची नजर वर, छताच्या कोपऱ्यांकडं जायची. चारही कोपरे बघून झाले की ती ओठ मिटून घ्यायची. "इथं कायबी न्हाय गं आत्त्या," मी म्हणायची. "बोल की." ती मान हलवायची आणि पोराला थोपटत राहायची. गेली ती अशीच एका दुपारी, पोर मांडीवर असताना. पोराला ते बराच वेळ कळलं नाही. मी शाळेतून आले तेव्हा ते तिच्या ओठांत बोट घालून बसलं होतं.