जपानची बेडकी

"वस्तू घेवाची त ज्याले वापरता येते त्याच्याच हातून घेवाची. नुसत्या इकणाऱ्याच्या हातून नाही."

रूपलाल तुरकरचं हे ठरलेलं वाक्य. चंद्रावतीने ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं. त्या दिवशी नवरा सायकल घेऊन आला होता. तिरोड्याला दोन दुकानं असताना त्याने ती पोस्टमनकडून घेतली, कारण सायकल कळते ती पोस्टमनलाच. पोस्टमनने ती इतकी वापरली होती की तिला चढ म्हणजे काय हे आठवत नव्हतं. पुढे छत्री आली गुराख्याची, कंदील आला रात्रपाळीच्या चौकीदाराचा. दोन्हींचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं होतं.

"नशीब माहा," चंद्रावती म्हणायची, "बायको करताना हा नेम आठवला नाही तुमाले."

पिपरटोला हे तिरोडा तालुक्यातलं धानाचं गाव. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाच्या पाळीवर अर्जुनाची झाडं, पाळीखाली पोवार शेतकऱ्यांची बांधी, म्हणजे धानाची खाचरं. तलावातलं पाणी शेतकऱ्यांचं आणि मासोळी धरणाऱ्या ढिवरांच्या संस्थेची, असा जुना रिवाज. रूपलाल आठ एकरांचा पोवार. मासोळी खावी, पण विकत घेऊन खावी, ही त्याच्या जातीची रीत. तरीही रोज उजाडताना तो बांबूची गरी घेऊन तलावाच्या तोंडाशी असलेल्या दगडावर जाऊन बसायचा. ढिवर काही म्हणत नसत, कारण त्यांनी त्याला मासोळी काढताना कधी पाहिलंच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत त्याने घरी आणलेले मासे चंद्रावती एका हातावर मोजायची आणि अंगठा रिकामा राहायचा.

तो तिथे काय करायचा ते त्याने कधी सांगितलं नाही. पाण्यावरची वाफ हळूहळू उठते, कमळाच्या पानाखाली इवलं पाणपाखरू, टिबुकली, बुडते ती भलत्याच ठिकाणी वर येते, आणि मग सूर्य आधी अर्जुनाच्या शेंड्याला लागतो आणि नंतर माणसाच्या. एवढं पाहून रूपलाल घरी यायचा, आणि त्या दिवशी बैलाशी, गड्याशी, बायकोशी सारख्याच मऊपणाने बोलायचा. ज्या दिवशी ताप-खोकल्याने जाणं चुकायचं, त्या दिवशी तो घरातल्या डब्यांची झाकणं तपासत फिरायचा. "हा तिखट एवढा लवकर कसा सरला?" अशा दोन दिवसांनंतर चंद्रावतीला वाटायचं, या माणसाला पाळीवरच झोपडी बांधून द्यावी.

२०१२ च्या आषाढात रूपलाल सातबारा काढायला तिरोड्याला गेला. त्याची पुतणी ओमेश्वरी तिथे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायची. गर्दी होती, म्हणून काकाजींना गुंतवायला तिने संगणकावर मासेमारीची चित्रफीत लावून दिली. कमळांनी भरलेला तलाव, गळ्यात टॉवेल घातलेला एक म्हातारा जपानी माणूस. त्याने काठी फिरवली आणि पानांवर गळ लावलेली एक रबरी बेडकी फेकली. बेडकी पानावरून टुणटुण आली आणि पान फाडून खालून जबडा वर आला.

रूपलाल खुर्चीवरून उठला. "अवो पोरी, हा त मरळ होय! आपला मरळ!"

"तिकडं पण भेटते काकाजी."

"आणि तो बुढा त्याले कमळातून काढून राहिला! आपल्या बापाले जमला नाही कमळातून काढाले."

सातबारा राहिला बाजूला. हे सामान जपानातून आणायचं असं ठरलं. तिरोड्याच्या वीज प्लांटवरच्या नोकरदारांकडे तशा काठ्या होत्या, नागपूरच्या दुकानातल्या. पण नागपूरच्या त्या दुकानदाराचे पाय कधी ओले झालेत का, हा रूपलालचा सवाल. ओमेश्वरीने जपानातलं एक दुकान शोधलं. ते परदेशी माल पाठवायचं, आणि त्याची वेबपानं इंग्रजीतही होती. दुकानाच्या गावाचं नाव तिने तीनदा वाचलं, तीनदा वेगळं झालं.

"बटन दाबू का काकाजी?"

"थांब. आधी इचार त्याले, तू सोता मरळ धरतेस का?"

"असा नाही इचारत कोणी."

"मंग घेत पण नाही कोणी."

तिने लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातीला दोनदा माफी, शेवटी दोनदा माफी, आणि मध्ये असं की, मी दर रविवारी मरळ धरायला जातो. गेल्या तीन रविवारी मात्र एकही मिळाला नाही, याबद्दल क्षमा असावी.

रूपलालने ते ओमेश्वरीकडून दोनदा वाचून घेतलं. "घे," तो म्हणाला. "मासे धरणारा माणूस तीन रविवार खाली गेले म्हणून लिहून देते, म्हणजे हा खराच धरत असन."

मग पत्त्याची लढाई झाली. फॉर्मला रस्त्याचं नाव पाहिजे होतं, इमारतीचं नाव पाहिजे होतं. रूपलाल सांगत होता, मारुतीच्या मागं, चिचेच्या झाडाजवळ, दोन भावांची घरं लागून आहेत त्यातला लहान्याचा. फॉर्ममध्ये चिचेपर्यंतच जागा होती. अखंड काठी लांबीमुळे पार्सलात बसत नव्हती, म्हणून दोन तुकड्यांची घेतली. रीळ, दोरी आणि दोन बेडक्या. पैसे ओमेश्वरीच्या नवऱ्याच्या कार्डावरून गेले, आणि पार्सल कुठवर आलं ते संगणकावर दिसायला लागलं. सहा दिवसांत ते हिंदुस्थानात पोचलं आणि मग कस्टममध्ये बावीस दिवस मुक्कामाला राहिलं. पानठेल्यावरचे लोक विचारायचे, "रूपलालभाऊ, बेडकी कुठवर आली?" चंद्रावती नळावर गेली की बाया विचारायच्या, "बाई, आपल्या बांधीत रातभर ओरडून राहिल्या, त्या नाही चालल्या का भाऊले?"

पोळ्याच्या चार दिवस आधी पोस्टमन हिरालाल दारात आला. दोन हातांवर आडवी धरलेली लांब नळी, तोंडावर लग्नाचं आमंत्रण आणल्याचा भाव. "भाभी, जपानवरून बांबू आला. दस्तखत करा."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात सराव सुरू झाला. पहिल्या फेकीत बेडकी वडीच्या सुपात पडली, दुसऱ्या फेकीत कौलावर. तिसऱ्या फेकीला शेजारच्या कोंबड्याने तिच्यावर झडप घातली आणि गावाला कळलं की माल अस्सल आहे.

केवलराम मेश्रामलाही कळलं. तो ढिवरांच्या संस्थेचा अध्यक्ष, रूपलालच्याच वयाचा, बोलायला खडा. तो अंगणात आला, रीळ हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि परत दिलं.

"मस्त आहे," तो म्हणाला. "पण आता तुले तलावावर बसता येणार नाही."

"काऊन?"

"बांबू होता तवा तू बगळ्यासारखा होतास. बगळ्यापेक्षाही कमी खात होतास. आता हे पाहून प्लांटवरचे वीस पोट्टे येतीन काठ्या घेऊन. त्याइले नाही म्हणाचा आन तुले हो म्हणाचा, त कोणत्या तोंडानं?"

रूपलालने रीळ खाली ठेवलं. उंबऱ्यात उभ्या चंद्रावतीने त्याच्याकडे पाहिलं. तिने त्याला बाप गेला तेव्हा पाहिलं होतं, गारपीट झाली तेव्हा पाहिलं होतं. असा चेहरा पाहिला नव्हता.

"केवलरामभाऊ," ती म्हणाली, "हा माणूस सकाळच्या पाहारी घरात राहिला त माही काय गत होईन, ते संस्थेनं इचारात घेतला का?"

केवलराम हसला. सभेत बोलू म्हणाला आणि गेला. आठ दिवसांनी सभेचा निरोप आला: दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी, संस्थेसमोर, या जपानी काठीने कमळातून एक मरळ काढून दाखवायचा. काढला तर रूपलाल जिंदगीभर बसेल आणि प्लांटवाल्यांना सांगता येईल की आमची परीक्षा आहे, ती द्या. नाही काढला तर गरी घरी आणि रूपलालही घरी.

मधे दसरा आला. दसऱ्याला घरातलं प्रत्येक अवजार धुऊन, जवसाचं तेल लावून, हळद-कुंकू वाहून पूजायचं असतं. नांगर पूजला, विळे पूजले, काठी आणि रीळही पाटावर मांडलं. रिळाच्या कागदावर जपानी मजकूर होता, त्याच्या बाजूला थेंबाचं चित्र होतं. रूपलाल म्हणाला, पाहा, त्यांच्यातही दसरा असते. त्याने रिळाच्या भोकात थेंब टाकला, मग पळीभर टाकलं. दुसऱ्या दिवशी हलक्या धानाची कापणी लागली, आणि रीळ खुंटीला टांगलं ते थेट त्या मंगळवारी सकाळी उतरवलं.

सगळी संस्था पाळीवर होती. केवलरामची बायको धुरपता मासोळीची टोपली सोडून आली होती. चंद्रावती न्याहारीचा डबा घेऊन अर्जुनाखाली उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण देवाचं नाव घेऊन राहिलो आहोत.

रूपलालने दोरी मोकळी करायला रिळाची तार उघडली आणि फेकलं. दोरी सुरळीत गेली. बेडकी पंचवीस पावलांवर, दाट कमळात, अगदी हलकी पडली. केवलरामची मान आपोआप हलली. रूपलालने तार बंद केली, दोरी गुंडाळायला रिळाचा दांडा धरला, फिरवला.

दांडा फिरला नाही.

त्याने जोर लावला. चंद्रावतीला दुरूनही त्याचे कान लाल झालेले दिसले, आणि तिला एकदम कळलं. जवसाचं तेल हवेवर सुकून डिंकासारखं धरतं; म्हणून तर ते बैलबंडीच्या लाकडाला लावतात. चौदा दिवस ते रिळात सुकत होतं. नांगराला काही झालं नाही, नांगराला आत काही नसतं.

"काय झाला रे?" केवलरामने विचारलं.

"काही नाही," रूपलाल म्हणाला. "थांब न." त्याने काठीचं टोक हलवलं. बेडकी पानावर एकदा उडाली, दोनदा उडाली. तिसऱ्यांदा पान खालून फाटलं, आणि मोठा काळा जबडा बेडकी घेऊन खाली गेला.

काठी वाकली. दांडा हलेना, दोरी सुटेना, मरळ कमळाच्या देठांना वेढा घालायला लागला. ढिवर ओरडले, "गुंडाळ! गुंडाळ!" रूपलालने एकदा रिळाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग त्याने पाण्याकडे पाठ केली, काठी नांगराच्या जुवासारखी खांद्यावर घेतली आणि पाळ उतरून आपल्या बांधीच्या दिशेने चालायला लागला.

"आता गं बाई!" धुरपता म्हणाली. "हा मरळ काढून राहिला का नवरी घेऊन चालला?"

रूपलालने मागे पाहिलं नाही. मागे पाहिलं असतं तर दोरी ढिली झाली असती. एकेक पाऊल तो चिखलणीला टाकावं तसं टाकत होता. तलावात कमळाची चार पानं उपटून वर आली, आणि त्यांच्यासकट हातभर लांब मरळ चिखलातून सरपटत, शेपूट आपटत, काठावर आला. गवतावरून घसरत तो पाळीवर चढला आणि केवलरामच्या दोन पायांच्या मधून पलीकडे उतरला. केवलराम उडी मारून बाजूला झाला.

रूपलाल चालतच होता. कापलेल्या बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, मान खाली घालून, आणि त्याच्या मागे पंचवीस पावलांवर मरळ.

मरळ निघाला, थांब, अशी हाक मारायला केवलरामने तोंड उघडलं. चंद्रावतीने डब्याच्या हाताने त्याला थांबवलं.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "कुठवर जाते ते पाहू."

आणि ती, धुरपता, केवलराम आणि सगळी संस्था पाळीवर ओळीने उभी राहून पाहत राहिली.