माणसं चार, ओके

माझं शेवटचं पोस्टिंग बर्फात होतं. तिथून पेन्शन घेऊन मी वाघोलीला आलो. आमच्या शेतावर बिल्डरने टॉवर उभे केलेत, त्यातल्या एकात नवव्या मजल्यावर आमचं घर आहे. ज्वारी होती तिथे आता पार्किंग आहे. माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, हे शेवटपर्यंत रुचलं नाही. "इथनं पडलेला मानूस आपल्याच बांधावर पडतोय, येवढीच सोय हाय," असं ते म्हणायचे.

आबा पायदळात वायरलेस ऑपरेटर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी नायब सुभेदार. "रँक तुझी मोठी, पेन्शन माजी जुनी," असं म्हणून हुकूम तेच सोडायचे. घरात त्यांचा एकच नियम होता. बाहेरून आलेल्याने चप्पल काढायच्या आधी ओके रिपोर्ट द्यायचा. माणसं किती आली, ठीक आहेत की नाहीत. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिने माप ओलांडलं, आणि उखाण्याआधी तिला रिपोर्ट द्यावा लागला. "माणसं दोन, ओके." त्यावरून ती पुढे कितीतरी वर्षं हसत होती.

मी लिफ्ट वापरत नसे. नऊ मजले चढायचो आणि व्यायाम म्हणून सांगायचो. घरच्यांना ते पटलं होतं. आबा नुसतं ऐकून घ्यायचे.

पेन्शनरांना नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगायला गेल्या वर्षी आम्ही दोघं निघालो. आबांनी कोट घातला, मेडलं लावली. त्यांचे गुडघे गेलेले होते, जिना शक्य नव्हता. मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलो. चार-पाच मजले उतरलो आणि वीज गेली.

लिफ्टमधला इमर्जन्सी दिवाही लागला नाही. मी अलार्म दाबला. थोड्या वेळाने वरून कुठून तरी वॉचमनचा आवाज आला.

"साहेब, जनरेटर चालू होईना. मेकॅनिकला फोन केलाय. तो हिंजवडीत ट्रॅफिकमधी अडकलाय."

"म्हंजी दोन ठिकाणी मानसं अडकल्यात," आबा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, घाबरू नका. मला वाटत होतं कमांड माझ्याकडे आहे. दार उघडतंय का बघायला मी पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गार होता. हात लागला आणि माझा श्वास आत जाईना. मी दारावर धडका मारायला लागलो. कुणीतरी ओरडत होतं, "हणमंत, सरक, जागा दे." तो आवाज माझाच होता.

"आरं, खाली बस," आबा म्हणाले.

मी बसलो. मग त्यांचा आवाज बदलला. सपाट, सावकाश, वायरलेस सेटवर बोलावं तसा.

"चौकी, रिपोर्ट दे. ओव्हर."

"आबा, नको."

"आबा न्हाई, कंट्रोल. मानसं किती? ओव्हर."

"तीन," मी म्हणालो.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. चूक माझ्या लक्षात आली. आबा ती दुरुस्त करतील म्हणून मी थांबलो.

"तीन. बरुबर," आबा म्हणाले. "तिसऱ्याचं नाव? ओव्हर."

तेव्हा मी पहिल्यांदा ते नाव घरातल्या कुणापुढे घेतलं. लान्सनायक हणमंत. सकाळी आम्ही दोघं बंकरमध्ये चहा करत होतो. वरून बर्फ सुटला आणि छत बसलं. हणमंत तुळईखाली, मी तिच्या अलीकडे. त्याचा खांदा माझ्या छातीला लागून होता. आम्ही एकमेकांना हाका मारत राहिलो. तो त्याच्या म्हशीच्या रेडकाबद्दल बोलत होता. मग बोलायचा थांबला. आमच्या माणसांनी खणून काढलं तेव्हाही त्याचा खांदा तिथेच होता. घरी मी एवढंच सांगितलं होतं की हवा खराब होती.

 माझं सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "माज्याकडचाबी एक त्यात मोज. धोंडिबा. लढाईत फुडच्या चौकीवर हुता. त्याचा रिपोर्ट आला न्हाई. मी सकाळपतुर सेटवर हाका मारत हुतो."

घरातल्या त्या नियमाला इतकी वर्षं आम्ही म्हाताऱ्याची लहर समजत होतो.

"आता मानसं किती? ओव्हर."

"चार."

"ठीक हायेत का?"

"ठीक कसं म्हणू? तो गेला, आबा."

"गेला. धोंडिबाबी गेला. आपल्यात मोजला म्हंजी मागं एकटा पडत न्हाई. रिपोर्ट पुरा कर."

"माणसं चार. ओके." मी रडत होतो. आबांनी काठी बाजूला ठेवून माझा हात धरला आणि दार उघडेपर्यंत सोडला नाही.

बँकेत त्यांचा अंगठा मशीनवर उमटेना. "आजोबा, नीट दाबा," क्लार्क म्हणाला. "अंगठा रिटायर झालाय, मानूस हाय अजून," आबा म्हणाले. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम भागलं.

पुढचा नोव्हेंबर त्यांनी पाहिला नाही. उन्हाळ्यात, दुपारी जेवून पडले होते, ते उठले नाहीत. तिरंगी फीत बांधलेलं पुष्पचक्र घेऊन युनिटचे दोन जवान आले. मी सॅल्यूट केला. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती रडून कमी होत नाही.

यंदा दाखल्याला मी एकटा गेलो. जाताना लिफ्टने, येतानाही लिफ्टने. तळहाताला घाम येतो, पण लिफ्टनेच जातो. घरात पाऊल टाकलं तशी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "रिपोर्ट?"

"माणसं चार, ओके," मी म्हणालो.

ती हात पुसत बाहेर आली. लिफ्टमधलं सगळं मी तिला आबा गेल्यावर सांगितलं होतं. ती हसली नाही. मी दार लावायला वळलो.

"लगेच लावू नका," ती म्हणाली. "आबांना चालायला वेळ लागतो."