मागच्या दिव्याची साक्ष

तपासणी झाल्याखेरीज ट्रॉली रस्त्यावर जाणार नाही, हा नियम माझ्या घरात मी घातला. नांदुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी सव्वीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्त केले. न तपासता निघालेल्या ट्रॉल्यांचे पुढे काय होते, हे दुरुस्तीला आलेल्या लोखंडावरून कळत असे. पुढे शेती पाहू लागल्यावर मी स्वतःची चारचाकी ट्रॉली घेतली, तिला हवेचे ब्रेक बसवले, मागे दिवे बसवले आणि नियम चालू ठेवला. आमच्या भागातील कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकही नसतात आणि दिवेही नसतात. लोक हसत. मी हसू दिले.

या तपासणीला दोन माणसे लागतात. ट्रॅक्टरवर मी बसे, ट्रॉलीच्या मागे माझी पत्नी उभी राही. ट्रॅक्टरच्या सॉकेटमध्ये ट्रॉलीचा सात पिनांचा प्लग बसवला की क्रम सुरू होई. आधी डावा इंडिकेटर, मग उजवा, मग मागचे दोन लाल दिवे, शेवटी ब्रेकचे दिवे. मी बटण दाबी आणि ती मागून सांगे, "लागला." न लागल्यास सांगे, "नाही." मग मी उतरून तुटलेली वायर किंवा सुटलेली अर्थिंगची तार शोधी. दिव्यांनंतर ब्रेक. ट्रॉलीचे एकेक चाक जॅकवर उचलायचे, ते तिने हाताने फिरवायचे, मी पायाने ब्रेक दाबायचा. चाक थांबले की ती म्हणे, "धरला." हा क्रम मी एकदाही बदलला नाही. उत्तराला झालेला उशीर मला खपत नसे आणि ती उशीर करत नसे.

गेल्या हंगामात तिसऱ्या वेचणीचा कापूस खामगावला जिनिंगवर न्यायचा होता. सकाळी गोठ्याजवळच्या शेडमध्ये तपासणी झाली. चारही चाके धरली गेली. सगळे दिवे लागल्याचे तिने सांगितले. मग मुलाने मजुरांसह ट्रॉली भरली, वरून ताडपत्री आवळली आणि साडेतीनच्या सुमारास तो एकटाच निघाला. तो चाळिशीचा आहे. वाहन नीट चालवतो. हे त्याच्यासमोर मी कधी बोललो नाही.

पावणेपाचला मी हत्यारे आवरायला शेडमध्ये गेलो. कामाच्या फळीवर पत्र्याचे एक झाकण होते आणि झाकणात एक बल्ब होता.

तो उजव्या बाजूच्या मागच्या दिव्याचा होता. सकाळी त्याच्या बुडाला हिरवा गंज दिसला, म्हणून मी तो काढून पॉलिश पेपरने घासला होता. तेवढ्यात पाण्याच्या पाळीविषयी कोणाचा तरी फोन आला आणि बल्ब झाकणातच राहिला. काच मात्र मी परत बसवली होती. त्या बाजूचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा, दोन्ही त्या एकाच बल्बमध्ये होते. म्हणजे सकाळी उजवीकडे दिवा लागणे शक्यच नव्हते. तरीही तिने दोन वेळा सांगितले होते, "लागला."

पहिला विचार आला तो रागाचा. दुसरा विचार आला तो रस्त्याचा.

आमच्या गावापासून खामगावकडे जाणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग आहे. दिवेलागणीला त्याच्यावरून ट्रक कसे धावतात, हे वडनेर भोलजीच्या फाट्यावर पाच मिनिटे उभे राहिलेल्या कोणालाही कळेल. मागून येणाऱ्याला अंधारात एकच लाल दिवा दिसला, तर तो समोर मोटरसायकल आहे असे समजतो आणि तेवढीच जागा सोडून बाजूने गाडी काढू पाहतो. आमची ट्रॉली कापसाने दोन्हीकडे हातभर फुगलेली होती. उजवी बाजू, म्हणजे ट्रक जिकडून जाणार ती बाजू, अंधारी होती. आणि डावा दिवा तरी लागला होता याला साक्ष कोणाची? तिचीच.

सूर्य मावळायला तासभर होता. मी मुलाला फोन लावला. चार वेळा लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होते, तरी लावला.

पत्नी ओसरीवर तूर निवडत होती. मी बल्ब तिच्यासमोर धरला.

"हे काय होय?"

तिने हात पुढे केला. हात बल्बच्या वीतभर अलीकडे थांबला, मग डावीकडे सरकला, मग तिला तो सापडला. तिने बोटांनी चाचपला.

"बल्ब होय," ती म्हणाली. "काऊन, काय झालं?"

मी बल्ब खिशात घातला आणि शेजारच्या घराकडे चालू लागलो. शेजारी मुलाच्या वयाचा, बडबड्या, पण मोटरसायकल सांभाळून चालवणारा. मी दोन वाक्यांत काम सांगितले. त्याने चहाचा कप तसाच ठेवला.

"बसा काका. पन घट्ट धरा हो. तुमी पडले त काकू मले गावात राहू देनार नाही."

"बोलू नको. चालव."

"बोलत बोलतच चालवतो म्या. चूप बसलो त झोप येते मले."

तो बोलत राहिला. मी मनात हिशेब करत होतो. ब्रेकची चिंता नव्हती. चाक तिने हाताने फिरवले होते आणि ते थांबल्याचे तिच्या तळव्याला कळले होते. ती साक्ष खरी होती. डोळ्यांची साक्ष मात्र एकही धरता येत नव्हती, इंडिकेटरचीसुद्धा नाही. हे केव्हापासून? चहा कपाबाहेर सांडत होता, त्यावर मी तिला बोललो होतो. दाराशी कोण आले हे ती आधी बोलायला लावून मग ओळखत होती. तेही मी पाहिले होते. पाहून मी काय केले, ते आठवले नाही.

नांदुरा मागे पडले. हंगामात या रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला असतो. जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीतून थोडा उडतो आणि काट्यांना अडकतो. दरवर्षी मी तो पाहत आलो आहे. त्या दिवशी प्रत्येक बाभूळ मला आमच्याच ट्रॉलीविषयी काही सांगते आहे असे वाटत होते. पुढे एका वळणावर डांबरावर कापसाचा मोठा थर दिसला. दहा-पंधरा हात रस्ता पांढरा झाला होता. मी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे बोलणे थांबले. गाडीही थांबली.

एक बाई पदरात कापूस गोळा करत होती.

"काय झालं बाई इथं?" शेजाऱ्याने विचारले.

"काय होते? निंबाच्या फांदीनं ओढला कोनाचा तरी," ती वर न पाहता म्हणाली. "तुमचा होय का? तुमचा असन त देतो बाप्पा परत. नसन त जाऊ द्या मले."

"ट्रॉलीले काही झालं का?" मी विचारले.

"ट्रॉली त चाल्ली गेली. मांगं पाह्यलं बी नाही त्यायनं."

शेजारी मोठ्याने हसला. मी हसलो नाही. मी त्याला गाडी काढायला सांगितली.

पुढे दोन ट्रॉल्या ओलांडल्या. दोन्ही दुसऱ्यांच्या. उजेड मंद होऊ लागला होता. ट्रकांनी दिवे लावले. तिसरी ट्रॉली दूरवर दिसली, तेव्हा ताडपत्रीच्या निळ्या रंगावरून मी ती ओळखली. तिच्या मागे एक ट्रक अगदी जवळून चालला होता. मग तो हॉर्न देत उजवीकडून निघून गेला आणि ट्रॉलीची मागची बाजू पूर्ण दिसली.

दोन लाल दिवे लागलेले होते. डावा आणि उजवा.

"जवळ जाऊ नको," मी शेजाऱ्याला म्हणालो. "मांगंच राह्य."

पुढे एका गावाजवळ गतिरोधक होता. ट्रॅक्टर हळू झाला. दोन्ही ब्रेकचे दिवे एकदम उजळले. मी खिशात हात घालून बल्ब चाचपला. तो तिथेच होता.

शेजाऱ्याने पुढे जाऊन हात दाखवला. मुलाने ट्रॅक्टर कडेला घेतला आणि घाईने उतरला. चेहरा उतरला होता.

"आईले काही झालं का?"

"नाही." मी बल्ब दाखवला. "हा घरी राह्यला होता. मंग तो उजवा कसा लागला?"

त्याने बल्बकडे पाहिले आणि मग शेजाऱ्याकडे.

"पंपावर पाहून घेतो म्या," तो म्हणाला. "डिझल भरतो तवा पंपावरच्या पोराले मांगं उभं करतो. आज उजवा नाही म्हने तो. खोलून पाह्यलं त बल्बच नाही. टूलबॉक्समंधी चार ठेवेल हायेत, लावला एक."

"दर खेपीले पाहतं?"

"दर खेपीले."

"सकाळी तुह्या मायनं सांगतलं ना, लागला म्हून?"

 एक ट्रक आमच्या शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याने ताडपत्री फडफडली.

"बाबा, दोन वर्सं झाले, आईले बराबर दिसत नाही. दिवा दिवसा लागला का नाही, हे तिले काही समजत नाही. तुमचा क्रम पाठ हाय तिले. बटनाचा आवाज आला का लागला म्हनते."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तिनं शपथ घातली होती."

मी शेजाऱ्याकडे वळलो. त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. तो आपल्या चपलेकडे पाहत होता.

"तुले बी माहीत होतं?"

"काका... साऱ्या गल्लीले माहीत हाय."

मी मुलाला पुढे जायला सांगितले. दिवे पुन्हा एकदा पाहिले, दोन्ही बाजूंचे, सगळे, आणि या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी. त्यात काही उणे नव्हते. तो निघाला. ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. परतीच्या वाटेवर शेजारी एक शब्दही बोलला नाही.

घरी पोचलो तेव्हा ती ओसरीवरच होती. समोरचे सूप रिकामे होते. आम्ही गेल्यापासून ती तशीच बसून असावी. मोटरसायकलच्या आवाजावर ती उठली.

"पोरगा?"

"बरा हाय. निंघाला पुढं."

तिने खांबाला हात लावला आणि परत बसली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. बोलण्याची तयारी मी वाटेत केली होती. त्यातला एकच प्रश्न विचारला.

"दिसत नाही हे मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी दुसऱ्या कोनाले हाक मारली असती मंग."

"मारलीच असती."

"म्हूनच नाही सांगतलं," ती म्हणाली. मग तिने आणखी सांगितले, "तीस वर्सं मांगं उभी राह्यली म्या. तुमच्या संग तेवढंच एक काम होतं मह्याकडं."

मी आत गेलो. हातपाय धुतले. मुलाचा फोन आला. जिनिंगवर पोचलो, नंबर लागला, सकाळी माल उतरेल, असे त्याने सांगितले. मी बरे म्हणालो. मग बाहेर येऊन तिला सांगितले, की उद्या सकाळच्या गाडीने खामगावला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे आहे. वेचणी संपली नाही, असे तिने म्हणून पाहिले. कापूस हातानेच वेचतात, त्याला डोळे कशाला लागतात, असेही म्हणाली. मी ऐकून घेतले आणि पुन्हा तेच सांगितले.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत औषध टाकले, तासभर बसवले, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यातला पूर्ण पिकलेला होता. शस्त्रक्रियेला उशीर झाला आहे, तरी दृष्टी येईल, निदान डाव्याची नक्की येईल, असे ते म्हणाले. मग टेबलावर कागद ओढून त्यांनी विचारले, "केव्हापासून दिसत नाही?"

ती आवाजाच्या दिशेने वळली.

"ह्यायले इचारा," ती म्हणाली. "तपासनी हेच करतात."

डॉक्टरांना वाटले ती थट्टा करते आहे. ते हसले आणि माझ्याकडे पाहू लागले. पेन कागदावर टेकलेले होते. उत्तर नवऱ्याला ठाऊक असणार, असे त्यांनी धरले होते. मी मुलाचे शब्द आठवले.

"दोन वर्षे," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतले.