दाता चार

प्रयोगशाळेच्या शेळ्या सांभाळण्यात मामांची बावीस वर्षं गेली होती. जबडा अंगठ्याने उघडायचा, समोरचे दात बघायचे आणि वय सांगायचं: दोनदाती, चारदाती, सहादाती. त्यात ते कधी चुकले नाहीत. चुकले ते एका शब्दात.

गोठ्यात दोन बोकड होते, थोरला भुऱ्या आणि तरणा काळ्या. काळ्याला मामांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. त्याच्या अंगात स्वतःचं बीज तयार होणार नाही, असाच प्रयोगशाळेच्या मॅडमनी तो जन्माआधी घडवला होता. मग भुऱ्याच्या, ज्यांच्यापासून शुक्राणू बनत राहतात त्या मूळ पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या, त्यांच्या जनुकात छोटासा बदल केला आणि काळ्याच्या वृषणात सोडल्या. वर्षभराने काळ्याची दोन करडं जन्मली. दोन्ही भुरी.

“अहो, मग बाप कोण?” बायकोने विचारलं.

“मॅडम म्हणतात, भुऱ्या.”

“तो तर पलीकडच्या कप्प्यात होता ना!”

“तेच तर! डोक्याचा नुसता भुगा झालाय.”

आणि सोमवारी मॅडमची चिठ्ठी आली: ‘दाता ४ राखून ठेवा. दुसरा बोकड उद्या कापून तपासायला पाठवा.’

मामा चिठ्ठी घेऊन तडक गोठ्यात गेले. अंगठ्याने त्यांनी काळ्याचा जबडा उघडला. चार दात. भुऱ्याचे आठ. मामांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भुऱ्याकडे बघवेना.

सकाळी भुऱ्याला फाटकाशी बांधलेलं बघून मॅडम धावत आल्या. “मामा, हा इथे कसा?”

“तुम्हीच लिहिलंत, चारदाती ठेवा.”

“दाती नाही हो, दाता! पेशी देणारा, माझ्या नोंदवहीतला चार नंबरचा. म्हणजे भुऱ्या! न्यायचाय काळ्याला.”

बोकड न्यायला आलेला गाडीवाला खो खो हसला. “दातावर एक काना काय पडला, बोकडच बदलला की!”

मामा हसले नाहीत. चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. “दाता म्हणजे देणारा ना? भुऱ्यानं एकदाच दिलं. तुम्ही बदल केलेल्या पेशी आता त्याच्या अंगात आहेत का?”

“नाहीत.”

“मग कुठे आहेत?”

“काळ्याच्या,” मॅडम म्हणाल्या आणि थबकल्या. “बशीतल्या तर सगळ्या वापरल्या…”

“मग काळ्याला कापलं, तर पुढची करडं देणार कोण?”

मॅडमनी चिठ्ठी घेतली, पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. “मला जरा बसून विचार करू दे, मामा.”

“अहो, पण नेऊ कोणाला?” गाडीवाला वैतागला.

“आज कोणालाच नाही.”

रिकामी गाडी खडखडत गेली. मामांनी भुऱ्याला सोडलं. तो जणू काही घडलंच नाही अशा थाटात गव्हाणीकडे गेला. काळ्या मामांच्या सदऱ्याची बाही चघळू लागला.

“कोण वाचलं हो?” बायकोने फोनवर विचारलं.

“दोघंही. आजच्यापुरते,” मामा म्हणाले. “पण उद्या काय, ते मला विचारू नकोस. मॅडमनाही विचारू नकोस.”